आमलीपुरा फीडरचं लाइन क्लिअर

४ मे

सकाळी आठला सबस्टेशनात नवी ऑपरेटर म्हणून हजर झाले. मोहनराव निंबाळकरांनी रजिस्टरात सही करून ते पक्कं केलं आणि म्हणाले, आता पळून जाता येणार नाही, बेस, म्हणजे बस. हे इथले सगळ्यात जुने ऑपरेटर. जन्म बडोद्याच्या दांडिया बाजारातला. मराठी आपल्यासारखंच, फक्त दर चौथा शब्द गुजराती. वडोदरा पाटीवर लिहायचं, बोलताना बडोदा म्हणायचं, हा त्यांचा पहिला धडा. दुपारी शेव-उसळ मागवली. धुळ्याच्या शेवभाजीपुढे ही फिकी, असं म्हटल्यावर त्यांनी सगळी तर्री माझ्या ताटलीत ओतली आणि माझ्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत गंमत बघत बसले.

जागा छान आहे. शहराबाहेर, वाघोडिया रस्त्याला लागून. मोठ्या खिडकीतून यार्ड दिसतं आणि कुंपणापलीकडे लाइनींचे पहिले खांब. आत सहा पॅनेल, सहा फीडर, म्हणजे गावांकडे जाणाऱ्या सहा लाइनी. चौथं आमलीपुऱ्याचं. मोहनरावांचं घर त्याच फीडरच्या टोकाला आहे. त्यांच्या पत्नी मंदाकिनीकाकू फुप्फुसांच्या आजाराने अंथरुणाला खिळल्यात, विजेवरच्या ऑक्सिजन मशीनवर. बायकोच्या चेहऱ्यापेक्षा मी पॅनेलवरच्या या काट्याकडे जास्त बघतो, म्हणाले.

५ मे

आज लाइन क्लिअर शिकले. लाइनमन खांबावर चढण्याआधी फोन करतो, नाव आणि माणसं किती ते सांगतो. मग आपण ब्रेकर बंद करायचा, लाइन जमिनीला जोडायची, ब्रेकरच्या हँडलवर लाल पाटी लावायची, रजिस्टरात लिहायचं आणि त्याला नंबर द्यायचा. काम झालं की तो फोन करून सांगतो, माझी सगळी माणसं खाली आहेत. तेव्हाच लाइन चालू. ज्याने घेतलं, त्यानेच परत करायचं. त्याच्या बापालाही करता येत नाही. आणि देण्याआधी लाइनमनच्या यादीत त्याचं नाव बघायचं. मोहनरावांनी हे माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

धवल नावाचा लाइनमन चहाला आला होता. इतके खांब चढलोय की माकडं मला साहेब म्हणतात, असं सांगत होता. मोहनराव म्हणाले, माकडंच म्हणणार, माणसं कशी म्हणतील.

६ मे

दुपारी साडेतीनला गारा पडल्या. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. सव्वा तास. मे महिन्यात अंगावर काटा येईल असा गारठा, आणि सगळं यार्ड पांढरं. पत्र्यावरच्या आवाजात फोन ऐकू येईना. एकेक करत सहाही फीडर गेले. झाडं तारांवर, खांब वाकलेले, चिनी मातीचे इन्सुलेटर फुटलेले. इंजिनियर साहेबांनी सांगितलं, निम्म्या तालुक्यात वीज नाही, चार दिवस तरी लागतील.

मोहनराव भिजतच घरी गेले. काकूंसाठी एक सिलिंडर भरलेला आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांना हलवू नका, गाडीत बसवण्याएवढाही श्वास नाही.

७ मे

आज एकटी होते. मोहनराव बडोद्यात फतेगंजला सिलिंडर शोधत फिरतायत. इतर पाळ्यांचे दोघेही रस्ते बंद म्हणून अडकलेत. सकाळपासून बावीस लाइन क्लिअर दिली. सगळे ओरडून गुजराती बोलतात, मला निम्मं कळतं, बाकीचं पुन्हा विचारून रजिस्टरात लिहिते.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन आला. स्वच्छ मराठी. ताई, आमलीपुरा फीडरवर लाइन क्लिअर द्या, मी तुकोजीराव, तीन माणसं. इतकं बरं वाटलं! नवीन दिसताय, कुठल्या, असंही विचारलं. धुळ्याची म्हटल्यावर म्हणाले, वा, म्हणजे आपल्याच. मी लगेच नंबर दिला. त्यांच्या आवाजामागे एक बारीक गुणगुण होती, भरल्या लाइनखाली उभं राहिल्यावर येते तशी. पण लाइन तर कालपासून बंद आहे.

रात्री आठवलं. यादी बघितलीच नाही.

८ मे

पाच फीडर चालू झाले, साहेबांनी दुपारी फोनवर खात्री केली. राहिला फक्त आमलीपुरा. तिकडचं काम सकाळीच संपल्याचं दुसऱ्या तुकडीने कळवलं, पण माझ्या रजिस्टरात तुकोजीरावांचं लाइन क्लिअर उघडं आहे. यादीत त्यांचं नाव नाही. ठेकेदाराच्या माणसांतही नाही.

चार दहाला त्यांचाच फोन. काम चालू आहे ताई, लाइन देऊ नका. आता चार माणसं आहेत. मी विचारलं, कुठल्या खांबावर? त्यांनी फोन ठेवला.

मोहनराव आले. सिलिंडर एकच मिळालाय. त्यांना रजिस्टर दाखवलं. त्यांनी नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललंच नाही. मग विचारलं, यादी बघितलीस? मी नाही म्हटलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

९ मे

साहेबांचा हुकूम: पूर्ण लाइन चालत तपासा, कोणी नसेल तर चालू करा. धवल सकाळी नऊला मोटरसायकलवर निघाला. जाताना म्हणाला, ओवीबेन, मळशे तो कान पकडीने लावीश, सापडला तर कान धरून आणतो.

बारापर्यंत दोनदा फोन आला. लाइन साफ आहे, कोणी नाही, तार जोडलेली आहे. मग फोन नाही. तीन वाजता त्याची मोटरसायकल एक्केचाळीस नंबरच्या खांबाखाली मिळाली. चप्पल खाली, नीट जोडीने ठेवलेली. वर कोणी नाही. पोलीस आले, शेतं बघितली, विहीर बघितली.

चार दहा. काम चालू आहे ताई. पाच माणसं.

मागून कोणीतरी हसलं. धवलच्या हसण्यासारखं.

१० मे

धवल मिळालेला नाही, पोलिसांनी सकाळी सांगितलं. साहेब म्हणाले, माणूस सापडेपर्यंत लाइनला हात लावायचा नाही. मोहनराव म्हणाले, लावायचा. लाइन तपासून झाली आहे, वर कोणी नाही, माझी बायको मरतेय. मी हँडलसमोर उभी राहिले. त्यांनी मला ढकललं नाही. खाली बसले आणि सांगायला लागले.

तेवीस वर्षांपूर्वी याच फीडरवर तुकोजीराव नावाच्या लाइनमनने लाइन क्लिअर घेतलं होतं. सोबत दोघं. फोन यायला उशीर झाला, वरून घाई, कारखानेवाल्यांचा आरडाओरडा. पॅनेलवर मोहनराव होते. उतरलेच असतील, असं समजून त्यांनी हँडल फिरवलं. नंतर रजिस्टरात ‘परत केलं’ असंही त्यांनीच लिहिलं, त्याच्या नावाने. चौकशीत ते टिकलं. तिघांच्या बायकांना सांगितलं गेलं, चूक त्यांच्याच माणसांची.

मग मी विचारू नये ते विचारलं. सात तारखेच्या फोनवरचे तीन कोण? ते म्हणाले, तेच.

आणि चौथा?

तो त्यांनाही माहीत नाही. म्हणाले, असाच लाइनवर गेलेला कोणी, ज्याचं नाव कोणी लिहिलं नाही.

चार दहाचा फोन मी उचलला नाही. वाजत राहिला. एकोणीस मिनिटं.

११ मे, सकाळी

दुसरा सिलिंडर आज संध्याकाळी पाच वाजता संपेल. शेजारच्या निरुपमाबेन काकूंजवळ आहेत, त्यांनी काटा बघून कळवलं. बडोद्यात कुठेच भरून मिळत नाही, भाड्याचा जनरेटरही नाही, सगळे दवाखान्यांना चाललेत. अँब्युलन्स दारापर्यंत येऊन परत गेली. काकूंना उठवून बसवलं तर ओठ निळे पडले.

मोहनराव मघाशी निघाले. एक्केचाळीस नंबरला. ज्याने घेतलं त्यानेच परत करायचं, म्हणजे त्याच्याकडून परत मागायला हवं, आणि मागण्याचा हक्क माझाच आहे, म्हणाले. मी अडवलं. काका, जाऊ नका. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, फोन आला तर नाव विचार. त्याने स्वतः परत केलं तरच चालू कर. माझ्या सांगण्यावरून करू नकोस.

मी कबूल केलं.

११ मे, दुपारी

अडीच. मोहनरावांचा फोन लागत नाही. साहेबांना कळवलं, ते निघालेत. रस्त्यात झाड आहे, सहा वाजतील.

सहा. पाच नाही.

चार. काकूंना गुंगी येतेय, निरुपमाबेन सारख्या फोन करतायत. रडत विचारतात, लाइट क्यारे आवशे. कधी येणार. मी काय सांगू.

४:१०

फोन. मोहनरावांचा आवाज. ओवी, सगळी माणसं खाली आहेत, चालू कर.

मी म्हटलं, तुकोजीरावांना द्या. म्हणाले, तो काही बोलणार नाही. चालू कर. मी म्हटलं, काका, तुम्ही खाली आहात का?

मागे तीच बारीक गुणगुण.

मग म्हणाले, सहा माणसं.

४:३५

खिडकीतून बघितलं. लख्ख ऊन आहे. कुंपणापलीकडे आमलीपुऱ्याचा पहिला खांब, इथून साठ पावलं. वर माणसं आहेत. मोजली. सहा. सगळ्यांत खाली धवल, अनवाणी. त्याच्यावर एक पांढरा शर्ट, मोहनराव घालतात तसा. बाकीच्यांचे चेहरे मला बघवत नाहीत, काळे—

मी खाली पळत गेले. खांबाखाली कोणी नाही, वर कोणी नाही. परत आले, खिडकीतून बघितलं. आहेत.

पांढरा शर्ट हात हलवतोय. वर-खाली. फिरव. हँडल फिरव.

बाकीचे पाचही माझ्याकडे बघतायत. ते हात हलवत नाहीत. वाट बघतायत, मी काय करते याची.

४:५०

निरुपमाबेनांचा फोन. काटा शून्याजवळ. काकूंनी मोहनरावांना हाक मारली, म्हणाल्या. आता हाकही नाही.

धवल जिवंत असेल तर? त्याची आई पोलीस चौकीत बसलीय दोन दिवस—

मोहनराव स्वतः सांगतायत. पण त्यांनीच सांगितलं होतं, त्यांच्या सांगण्यावरून नाही—

४:५६

लाल पाटी काढली. परत लावली.

फोन वाजतोय. उचलला. तुकोजीराव. शांतपणे म्हणाले, ताई, मी परत करत नाही. पण तुमच्या हातात आहे. तेव्हा त्याच्याही हातात होतं.

पाच वाजता सिलिंडर संपेल. सहाला साहेब पोहोचतील. रजिस्टर उघडं आहे, ‘परत केलं’चा रकाना रिकामा, पेन माझ्या हातात आहे आणि मी जे लिहीन ते माझ्या नावाने लिहीन, मी ओवी बोरसे, चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, आमलीपुरा फीडर