भिशी आणि सुशीला

६ जुलै
सकाळी दूध, पेपर. दुपारी झोप. संध्याकाळी शेजारच्या दानम्मा आल्या. गल्लीतल्या बायकांची भिशी त्याच चालवतात. बायको गेली, त्या महामायाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर पहिल्यांदाच आल्या. "दाजी, ताईचं नाव ठेवायचं का काढायचं?"

ठेवा म्हणालो. निम्मे हप्ते भरून झालेत, मधेच सोडणं शहाणपणाचं नाही. हे कारण त्या गेल्यावर सुचलं.

१० जुलै
भिशीला गेलो. सगळ्या बायका आणि मी! सगळ्या पदर सारखा करत बसल्या. शेवटी समोरच्या घरातल्या नागुबाई म्हणाल्या, "दाजी, लाजू नका. आम्हीच लाजून राहिलो." चिठ्ठी दुसऱ्याच बाईची निघाली. पुढची भिशी माझ्या घरी. खायला सुशीला करायची, हेही त्यांनीच ठरवलं.

९ ऑगस्ट
दानम्मांना फोन करून कृती विचारली. म्हणाल्या, "मुरमुरे भिजवा अन् निजा." भिजवले. निजलो. उठून पाहतो तर खळ! पोस्टरं चिकटवावीत अशी.

तेवढ्यात पुण्याहून सूनबाईचा फोन. "नंतर बोलू. उद्या बायका येणार आहेत आणि सुशीला पार बिघडली आहे."

लगेच मुलाचा, अश्वजितचा — "बाबा, कोण सुशीला? ही रडायला लागली!" सूनबाई चिपळूणची. तिकडं फोडणीच्या मुरमुऱ्यांना हे नाव नाही. पण हा तर नांदेडात वाढला! "मुरमुऱ्याची रे," म्हणालो. इतका हसला की बोलता येईना. आई गेल्यापासून आजच हसला.

१० ऑगस्ट
दानम्मा ओरडल्या — "पिळा म्हणलं होतं, दाजी! पिळा!" नागुबाईंनी घरून पातेलंभर सुशीला आणली.

चिठ्ठी महामायाची निघाली.

"ताईचं ठरलं होतं," नागुबाई म्हणाल्या. "नंबर लागला की दाजींना कानाचं मशीन."

"कोणाला?"

"हे बघा! ह्यांनाच!"

मला नीट ऐकू येतं. लोकच पुटपुटतात. पैसे बँकेत मुदत ठेवीत टाकणार. तसं सांगून टाकलं.

त्याच संध्याकाळी
झाडून घेतलं. सतरंजीखाली उरलेल्या चिठ्ठ्या सापडल्या. एक उघडली — महामाया. दुसरी — महामाया. सगळ्यांवर तेच नाव!

१४ ऑगस्ट
बँकेत गेलो नाही. आधी कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी, मग तीन दुकानं. तिसऱ्यानं भाव सांगितला, मला ऐकू आला नाही. गप्प बसलो. त्यानं कमी केला. तोही ऐकू आला नाही. आणखी कमी केला! पक्की पावती आणि वॉरंटीचा कागद मागून घेतला. फोनला जोडायचं महागडं मशीन नको म्हणालो. महामाया असती तर पिशवीही फुकट घेतली असती.

१६ ऑगस्ट
आज माझ्यापुरती सुशीला केली. मुरमुरे भिजवले, पिळले. तेलात मोहरी टाकली. तडतडली! केवढ्यानं!

मग उगाच आणखी चिमूटभर टाकली.