चटईवरची समता

ऑकलंड, ४ मे १९८६

चि. कितिओने यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि माझं डोकं फिरलं. चर्चच्या नव्या दालनाच्या उद्घाटनाला जहागीरदार येणार, म्हणून तू आपला कप्तान त्यांच्या पुढ्यात घालणार? अरे, ते डुक्कर तू लोसेच्या लग्नासाठी पोसलंस! लेकीच्या लग्नात पाहुण्यांना काय, कप्तानाचा फोटो वाढणार आहेस?

इथे बिस्किटांच्या कारखान्यात आम्ही संघटना काढली आहे. मालकाची गाडी आमच्या घरापेक्षा लांब आहे. आमचा पुढारी म्हणतो, की खालचे पाठ वाकवतात म्हणून वरचे बसतात. टाळ्या वाजवून माझे हात लाल झाले! पहिलं कोनफळ जहागीरदाराला, पहिला मासा त्यांना, आणि सगळ्यात मोठं डुक्करही त्यांनाच का? गाव गोळा कर. घरटी एकेक पिल्लूच न्यायचं असं ठरवा. कोणाचंच मोठं नसलं, तर कोण कोणाला हसणार?

समता आलीच पाहिजे. मी थोरली बहीण आहे आणि हा माझा हुकूम आहे, उलट उत्तर नको.

जाता जाता एक. तुझ्या बायकोचं, सेइनीचं, शिवणयंत्र नुसतं पडून असतं असं ऐकलं. लग्नाला येईन तेव्हा घेऊन जाईन.

लोभ वाढता ठेव, पिल्लू मात्र लहानच ने.
तुझी ताई,
लुपे

*

वावाऊ बेट, १८ मे १९८६

ती. लुपेताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू समोर असतीस तर मी मान खाली घालून खोलीबाहेर गेलो असतो. भावानं बहिणीपुढे थट्टा करायची नाही, हे आईनं कान पिळून शिकवलं आहे. पण कागदाला कान नसतात, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

तुझा हुकूम मी काव्ह्याच्या बैठकीत वाचून दाखवला. पिऊन पिऊन नशा चढत होती, त्यामुळे सगळेच शूर झाले होते. शेजारचा पेनी तर रडला. आपल्या बापजाद्यांनी इतकी डुकरं दिली, पण जहागीरदारानं कधी शेपटीसुद्धा परत केली नाही, असं म्हणाला. सगळ्यांनी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. पाळकबुवा म्हणाले, की आपण काहीच ऐकलेलं नाही, फक्त पिल्लू नेमकं केवढं ते सांगा.

सेइनीला भरवसा नाही. पेनीनं तंबाखू सोडण्याचीही अशीच शपथ घेतली होती, हे तिनं मला ऐकवलं. मलाही भीती वाटते, ताई. कप्तान गेला तर मुलाकडच्यांपुढे लोसेची मान खाली जाईल. आणि पिल्लू नेऊन मी एकटाच पडलो, तर माझी जाईल. पण तुझा शब्द मोडण्याची माझी प्राज्ञा नाही.

मोठ्यांचा लोभ लहानांवर असावा, हे विनवणे.
तुझा,
कितिओने

*

वावाऊ, ८ जून १९८६

ती. लुपेताईस,
शि. सा. न. वि. वि.

क्रांती झाली. एकट्या माझी झाली.

केळीच्या पानावर भाजलेलं पिल्लू घेऊन मी ऐटीत उद्घाटनाला गेलो. पेनीनं आपल्या ताटावरचं फडकं काढलं, तर खाली होडीएवढं डुक्कर! मग बाकीची फडकी निघाली. एकेक असं, की उचलायला चार माणसं लागली. नंतर पेनी म्हणाला, की त्याचा माझ्यावर विश्वास होता, पण समोरच्या घरावर नव्हता. समोरचे म्हणाले, की त्यांचा पेनीवर नव्हता. पाळकबुवांनी प्रत्येक घराचं नाव आणि जनावर मोठ्यानं पुकारलं. माझ्याजवळ आल्यावर त्यांना खोकला आला. सेइनीनं टोपी नाकापर्यंत ओढली.

पुढची गंमत ऐक. जहागीरदारांनी नवी कवळी बसवली आहे. मोठं डुक्कर काही चावेना. त्यांनी माझं पिल्लू मागवलं, बोटं चाटून संपवलं आणि मोठी डुकरं ट्रकात भरायला सांगितली. मग उठून म्हणाले, की गावात बदलाचं वारं आलं आहे, त्याचा आपल्याला आनंद वाटतो. पुढच्या वर्षापासून घरटी एक कोवळं पिल्लूही आणावं, मोठं डुक्कर आहेच!

आता गाव माझ्याशी बोलत नाही. पण कप्तान जिवंत आहे, आणि लोसे रोज त्याला नारळ खाऊ घालते.

असाच लोभ ठेव, नवे हुकूम मात्र जपून पाठव.
तुझा,
कितिओने

*

ऑकलंड, २९ जून १९८६

चि. कितिओने यास,
अ. उ. आ.

तुझ्या गावाला कणा म्हणून नाही! कोणीतरी सुरुवात करायला हवी, तर मीच करते. आपल्या रीतीनं, नवरीची आत्या म्हणून लग्नात सगळ्यात उंच रचलेल्या चटया माझ्या, सगळ्यात मोठं डुक्कर माझं, कापडचोपड माझं. मला ह्यातलं काही नको. मी खाली, वाढणाऱ्या बायकांत बसेन. कप्तान पाहुण्यांना वाढ. लोसेलाही तसं सांग.

लोभ असेलच, तो सगळ्यांवर सारखा असू दे.
तुझी ताई,
लुपे

*

वावाऊ, १७ ऑगस्ट १९८६

ती. लुपेताईस,
शि. सा. न. वि. वि.

लग्न आटोपून सामानासकट सुखरूप पोचली असशील.

आल्या आल्या तू खालीच बसणार म्हणालीस, ते सगळ्यांनी ऐकलं. मग बायकांनी रडून तुला ओढलं आणि प्रार्थनेपुरती तू चटयांवर बसलीस. प्रार्थना संपली. तिथे गुडघ्यांना बरं वाटतं, म्हणालीस. मग कप्तान तुझ्या पुढ्यात आला. त्याच्याकडे तू किती प्रेमानं पाहिलंस! आत्या आता उतरेल, असं लोसेनं सासरच्यांना सांगून ठेवलं होतं. आम्ही वाट पाहत होतो. शेवटी तू म्हणालीस, की परक्यांसमोर रीत मोडणं बरं दिसत नाही.

कप्तान, चटया, कापड आणि शिवणयंत्र तुझ्याबरोबर बंदराकडे गेलं. पाहुण्यांना आम्ही डब्यातलं मांस वाढलं. लोसे रडली, हे तुला सांगायलाच हवं. सेइनी तर येता जाता ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान’ एवढंच म्हणते.

मलाही फार राग आला होता. हा आत्याचा मान, ह्या उंच चटया, सगळं बंद झालं पाहिजे, असं दोन कागद भरून लिहिलं होतं. तेवढ्यात फिलिमोनेमामांचं बोलावणं आलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलाचं लग्न आहे. मामांच्या बहिणीचा मुलगा म्हणून तिथल्या उंच चटया माझ्या. मामांचं डुक्कर कप्तानाहून मोठं आहे, मी जाऊन पाहून आलो. सेइनीनं माझा ठेवणीतला शर्ट धुवून वाळत घातला आहे.

ते दोन कागद मी चुलीत घातले. समता यायलाच हवी, ताई. मामांकडचं लग्न तेवढं उरकू दे.

वरून खाली पाहताना लोभ असू द्यावा, ही विनंती.
तुझा,
कितिओने