फळ्या लागण्याआधी

रविवार, ४ फेब्रुवारी

चिरंजीव ठोक्यास,

साठी ओलांडलीस, तरी थोरल्या बहिणीला तू चिरंजीवच. आशीर्वाद.

त्या दोन खोल्यांत वाढलेल्या आपणा दोघांची एक तक्रार लहानपणापासून सामाईक आहे: आपल्या घरात कुणी कुणाचं पुरतं ऐकून घेत नसे. बाबा बोलू लागले की आई भांडी आपटायची, आई बोलू लागली की बाबा रेडिओ मोठा करायचे. त्या गदारोळात मी आवाज चढवायला शिकले आणि तू बोटं वाजवायला. दार, टेबल, कलिंगड, एकदा तर झोपलेल्या बाबांचं टक्कल! ठोकून कान लावल्याशिवाय तुझा कशावर विश्वास बसत नसे. पुढे सुतार झालास तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. ठोक्या हे नाव तुला आवडत नाही, माहीत आहे. पण जो चौदा महिने बहिणीशी अवाक्षर बोलला नाही, त्याने नावावरून कुरकुर करू नये.

गुडघा कसा आहे? फोन केला की तुझी बायको म्हणते, "वन्सं, हे अंघोळीला गेलेत." सकाळी अंघोळ, दुपारी अंघोळ, दिवेलागणीलाही अंघोळ. माणसाऐवजी साबणाची वडी असती तर एव्हाना संपली असती. म्हणून पत्र.

बातमी अशी की आपलं वस्तीचं केंद्र पुन्हा उभं राहतंय. छत कोसळल्यापासून आम्ही म्हातारे सकाळी एका रिकाम्या धान्य-गोदामात बसतो आणि संध्याकाळी तिथेच पोरं ड्रम बडवतात, नाटकं बसवतात. बुद्धिबळाच्या पटावर इतकी धूळ बसते की घोडा कुठला नि उंट कुठला कळत नाही. हरणाऱ्याची मात्र सोय होते. आता केंद्राच्या भिंती झाल्या, खिडक्या बसल्या. जुन्या दहा तुळयांपैकी सहा चांगल्या निघाल्या, त्याच पुन्हा चढवल्यात. जुनं लाकूड मुरलेलं असतं, असं नवा सुतार म्हणाला. तूही हेच म्हणायचास.

भांडण निघालंय ते मधल्या भिंतीवरून. निम्म्या म्हाताऱ्यांना मध्ये पक्की भिंत हवी आहे: इकडे आम्ही, तिकडे पोरं, दारंही वेगळी. आपले निवृत्त पोस्टमास्तर उठून म्हणाले, "बाई, त्यांच्या ड्रमने माझी कवळी हलते." मी अध्यक्षाच्या खुर्चीतून म्हटलं, "मास्तर, मग कवळी बदला, भिंत कशाला?" आणि बोलले पाऊण तास. नातू ड्रम वाजवतो आणि आजोबा कानात कापूस घालून त्याच खोलीत बसतात, तिला वस्ती म्हणतात. भिंत घाला, मग उरतील नुसती दोन प्रतीक्षागृहं. टाळ्या पडल्या. निकाल पुढच्या बैठकीत.

शिंपीकाका बरे आहेत. म्हणजे हात तसा बराच म्हणायचा. त्याविषयी पुढे कधीतरी.

उत्तर दे. चार ओळी चालतील.

तुझी ताई


बुधवार, २१ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,

उत्तर नाही. ठीक आहे. वाचनालयात 'शांतता राखा' या पाटीखाली नोकरी करून जिला शेवटपर्यंत शांतता राखता आली नाही, तिला तुझी शांतता काय कळणार!

काल बैठक झाली. नाटक मंडळातली ती लुकडी पोर आठवते? केंद्राची इतिवृत्तं तीच लिहिते, आणि लिहिते तीही नाटकासारखी: कोण उठलं, कोण हसलं, कोण खोकलं, सगळं कंसात. काल ती स्वतःच बोलायला उभी राहिली. म्हणाली, "भिंत नकोच. पण आम्हाला..." आणि शब्द शोधत थांबली.

मी उठलेच. "आमच्या या मुलीला म्हणायचंय की..."

"आजी," ती म्हणाली, "माझं वाक्य संपलं नाहीये."

मी खाली बसले. मला खाली बसवणारा माणूस अजून जन्मायचाय, असं मी समजत होते. तो जन्मून सतरा वर्षांचा झाला होता आणि समोर वही घेऊन उभा होता.

तिला वेशभूषेसाठी कपाट हवं असेल, असं मी तिच्या वतीने सांगणार होते. तिने काय मागितलं, ठाऊक आहे? "आठवड्यातून एक संध्याकाळ तुम्ही लोक आमच्याबरोबर थांबा. घरी गेलं की कुणी नसतं." बास, एवढंच. माझ्या पाऊण तासाने जे झालं नव्हतं ते त्या दोन वाक्यांनी झालं. हात वर झाले, मास्तरांचाही. भिंत होणार नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. पण कानात तेच घुमत राहिलं, माझं वाक्य संपलं नाहीये. घरी न जाता मी शिंपीकाकांकडे गेले. चौदा महिन्यांत तिसऱ्यांदा. तू दर शनिवारी जातोस हे मला तिथे कळलं. खिडकीतल्या उशीवर सुया टोचून ठेवलेल्या होत्या, प्रत्येकीत दोरा ओवलेला, पांढरे एकीकडे, काळे एकीकडे. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं अजून मिटत नाहीत. डाव्या हाताने ते एका शर्टाला बटण लावत होते.

"बसा बाई. आज भाषण नाही?"

"नाही."

"मग तब्येत बरी नाही का?"

मी हसले नाही. विचारलं, "काका, त्या ऑक्टोबरच्या सभेत ठोक्या पुढे काय म्हणणार होता हो?"

त्यांनी दोरा दाताने तोडला. "हे विचारायला तुम्हाला सव्वा वर्ष लागलं?"

मग त्यांनी सांगितलं. ते आज लिहवत नाही.

ताई


मंगळवार, ५ मार्च

प्रिय भावा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुझ्या बायकोच्या हाती देऊन पायरीवरूनच परत जाईन, तेव्हा अंघोळीला जायची गरज नाही.

आधीच्या दोन पत्रांत मी इतकं लिहिलं आणि एकच गोष्ट टाळली. ती आता कुठलीही वेलबुट्टी न काढता लिहिते.

ऑक्टोबरच्या त्या सभेत तू उठलास. तू सभेत कधी उठत नाहीस, त्यामुळे लोक बघायला लागले. म्हणालास, "दारापासूनची तिसरी तुळई आतून गेलीय. महिनाभर केंद्र बंद ठेवायला लागेल. म्हणजे..." आणि तू श्वास घेतलास. तुझा एक श्वास दुसऱ्यांच्या दोन वाक्यांएवढा लांब असतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? त्या श्वासात मी उभी राहिले.

मी म्हणाले, "माझ्या भावाला लहानपणापासून प्रत्येक लाकूड आजारी वाटतं. उद्या तो माझी पाठ ठोकून सांगेल, हीसुद्धा आतून गेलीय!" लोक पोट धरून हसले. मग मी आपल्या वाचनालयाचं उदाहरण दिलं. दारावर एक दिवस 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लागली आणि ते दार पुन्हा उघडलंच नाही. माझी पुस्तकं गोण्यांत गेली, आज तिथे गाड्या उभ्या राहतात. बंद केलेली जागा परत मिळत नसते, मी गरजले. ती भीती खोटी नव्हती रे. त्या पाटीसमोरून मी अकरा वर्षं चालत गेलेय. पण माझी भीती खरी होती म्हणून तुझी तुळई धड होत नव्हती. हात वर झाले. तू तुझी लाकडी हातोडी पिशवीत घातलीस आणि गेलास.

डिसेंबरात, सकाळी अकरा वाजता, तिसरी तुळई खाली आली आणि शेजारच्या तिघींना घेऊन आली. पोरं शाळेत होती. आम्ही अंगणात चहाला गेलो होतो. आत होते एकटे शिंपीकाका. पोरांच्या नाटकाचा एक अंगरखा पुरा करायचा राहिला होता, म्हणून.

हेही एकवेळ माणसाच्या हातून होतं. पण त्यापुढचं मी जाणूनबुजून केलं. आठवड्याने अंगणात सगळे जमले तेव्हा मी बोलले, "कुणालाही कल्पना नव्हती." फाटकाशी तू उभा होतास. उरलेल्या छताला टेकू द्यायला खांदाभर लाकडं घेऊन आला होतास. आपली नजरानजर झाली. तू लाकडं तिथेच भिंतीला टेकवलीस आणि वळलास. तू तिथे एक शब्द बोलला असतास तर मला तोंड लपवायला जागा उरली नसती. बोलला नाहीस. तू मला झाकलंस आणि मी त्याला अबोला म्हणत चौदा महिने तुझ्यावरच रुसून बसले.

आता काकांनी जे सांगितलं ते. त्या 'म्हणजे'च्या पुढे तू म्हणणार होतास की महिनाभर केंद्र तुझ्या कारखान्यात बसेल. तू रंध्याची टेबलं भिंतीला लावली होतीस, भुसा झाडून काढला होतास, पोरांच्या ड्रमसाठी मागची खोली मोकळी केली होतीस. "बाकांच्या गाद्या मीच शिवल्या होत्या, बाई," काका म्हणाले. "त्याला सगळ्यांना एकदम सांगायचं होतं. कधी नव्हे तो खुशीत होता."

मला ज्याची धास्ती होती, माणसं पांगतील याची, त्याचं उत्तर तू हातात घेऊन उभा होतास. मला फक्त एका श्वासाएवढं थांबायचं होतं.

परवा रविवारी बैठकीत मी उठले. मास्तरांनी सवयीने कानात कापूस सारला. मी त्या पोरीकडून ऑक्टोबरचं इतिवृत्त मागून घेतलं आणि मोठ्याने वाचलं. तुझी वाक्यं वाचली. तुझ्या 'म्हणजे'पुढे तिने तीन टिंबं दिली आहेत. मग माझं वाक्य, आणि पुढे कंसात 'हशा'. तेही वाचलं. मग म्हणाले, "कल्पना होती. माझ्या भावाने सांगितलं होतं. मी त्याचं बोलणं तोडलं आणि नंतर तुम्हा सगळ्यांशी खोटं बोलले. आजपासून मी अध्यक्ष नाही." आणि बसले. आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण. टाळी एकही नाही.

मास्तरांनी कापूस काढला. म्हणाले, "बाई, हात तर मीही वर केला होता." शिंपीकाका बाकावर जरा सरकले आणि मला नीट बसायला जागा केली.

मी तुझ्याकडे माफी मागत नाही. मागितली तर तुला ती द्यावी लागेल. तू तसाच आहेस. आणि मला ती इतक्या स्वस्तात नको.

मागायचं आहे ते वेगळंच. जुन्या सहा तुळया वर चढल्यात. नवा सुतार चांगला माणूस आहे, म्हणतो, "बाई, मशीन लावून बघितलंय, काळजी नको." त्याचं खरंच असेल. पण काल सगळे जेवायला गेल्यावर मी झाडूच्या दांड्याने एकेक तुळई ठोकून पाहिली. मला सहाही सारख्याच वाजल्या. बाबांच्या टकलासारख्या. साठ वर्षं तू ते ठोके देत होतास आणि मी एकदाही विचारलं नाही की तुला त्यातून काय ऐकू येतं.

शनिवारी दुपारी खालून छताच्या फळ्या लागणार आहेत. एकदा फळ्या लागल्या की त्या तुळया कुणाला दिसणार नाहीत, आणि ऐकूही येणार नाहीत. खाली सकाळी काका बसतील, संध्याकाळी ती पोर उभी राहील.

तेव्हा शनिवारी सकाळी आठला ये. तुझी ती लाकडी हातोडी आण. सहाही तुळया वाजव आणि काय वाटतं ते सगळ्यांसमोर सांग. एखादी वाईट असली तर काम थांबेल, मग कितीही दिवस लागोत. मधे हवा तेवढा थांब.

तुझी शिडी धरून उभी असेन, तोंड मिटून.

ताई