सरांच्या मिशा

३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ
संकल्प: लेकीचा विषय समजून घ्यायचा. रविवारी तिचा फोन येतो आणि चार मिनिटांत संपतो, कारण तिच्या कामातलं मला काही कळत नाही. दुसरं कारण नाही. तिचा जुना प्रबंध कपाटातून काढला. उंदीर अंधारात मिशांनी वस्तू कशी ओळखतो. एकशे ऐंशी पानं. रोज वीस, म्हणजे नऊ दिवस. सोपं आहे.

४ फेब्रुवारी
दोन पानं झाली. विषय कठीण नाही, चष्म्याचा नंबर वाढलाय.

६ फेब्रुवारी, गुरुवार
नुसतं वाचून भागत नाही. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडून पिंजरा आणला. ओट्याखालचा उंदीर तासाभरात सापडला. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर उंदराची आकृती काढायला लावायच्या. माझ्या मिशा अगदी सरळ यायच्या, म्हणून दहापैकी नऊ. प्रत्यक्षात त्या क्षणभर स्थिर नसतात. मागे-पुढे, मागे-पुढे. सिस्टरना कळवायला हवं होतं.
उंदराला सर म्हणायचं ठरवलं. शिकवतात म्हणून.

८ फेब्रुवारी, दुपार
प्रयोग. पिंजरा ओट्यावर ठेवला. बिस्किट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. सर दर वेळी डावीकडेच गेले. महत्त्वाचं निरीक्षण. मग लक्षात आलं, ओटाच तिकडे उतरता आहे. तरी निरीक्षण खोडलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
फोन नाही. कामात असेल. बरंच झालं, माझी तयारी अपुरी होती.

११ फेब्रुवारी
शिंपी पिंजरा मागायला आला. म्हणाला, "ताई, उंदीर पकडलाय की पाहुणा ठेवलाय, एकदा ठरवा." मी सरांशी बोलते असं त्याला वाटतं. बोलत नाही. काय वाचलं तेवढं सांगते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
कळलं. प्रत्येक मिशीसाठी मेंदूत वेगळी जागा. मिशी कशाला तरी लागली, हा एक निरोप. त्या क्षणी ती कुठवर वळली होती, हा दुसरा. दोन्ही जुळले की वस्तू कुठे आहे ते समजतं. आणि मिशी कशालाच लागली नाही, तरी ती हलते आहे ही खबर मेंदूला पोचत राहते.
हे वाचून उगीच बसून राहिले. चहा निवला.

१६ फेब्रुवारी, रविवार
फोन आला. सगळं सांगितलं, एकदाही अडखळले नाही. मग ती म्हणाली, "आई, ते काम सोडून मला दीड वर्ष झालं गं. सांगितलं होतं तुला."
मी म्हटलं, माहितेय की, सहज आठवण काढली. तिला कुठेतरी जायचं होतं.
संध्याकाळी इमारतीमागे जाऊन पिंजरा उघडला. सर दारात थांबले, हवेत मिशा फिरवल्या आणि गेले. पिंजरा परत केला.
फोन सहा मिनिटं चालला. पाच मी एकटीच बोलले, पण सहा म्हणजे सहा.
संकल्प: उद्यापासून तिचं नवं काम समजून घ्यायचं.
कसलं काम, ते विचारायचं राहिलं.