बोटभर चीर

मनामा, गुरुवार, १४ मार्च १९८५

जेवण गेलं नाही. आज आमच्या हॉटेलात जपानी बाईंचा गिटारचा कार्यक्रम होता. वीस वर्षं रॉक वाजवतायत. दुपारी मॅनेजर म्हणाला, "सावंत, इनका स्पीकर भर्रभर्र करता है. शाम से पहले ठीक करो." बाई खोलीत झोपलेल्या. मी स्पीकर उघडला, तर आतल्या कागदाला बोटभर चीर. मग काय, स्टोअरमधला नवा बसवला, जुना कचऱ्यात. पाचला कचऱ्याची गाडी गेलीसुद्धा.

सहाला बाई आल्या. एकच तार छेडली आणि थांबल्या.

"ती चीर मी स्वतः ब्लेडने पाडली होती," तुटक्या इंग्रजीत म्हणाल्या. "माझा आवाज तिच्यातूनच यायचा. जुना कुठे आहे?"

"खलास," मी म्हणालो.

मॅनेजर शेजारीच होता. "मॅडम, इसने अपने मन से किया." आणि मी गप्प! का गप्प? व्हिसा त्याच्या हातात, दुसरं काय.

नव्या कागदाला ब्लेड लावू का, विचारलं. म्हणाल्या, तशी चीर पुन्हा पडत नाही.

कार्यक्रम झाला. आवाज स्वच्छ, कुणाचाही असावा तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ते जास्त लागलं.

निघताना बाईंनी विचारलं, "बदलण्याआधी एकदा तरी ऐकला होतास?"

"नाही."

खोटं बोललो. सकाळी त्यांच्या तालमीला मी दाराशी उभा होतो, हातातली पक्कड खाली ठेवून, अख्खं गाणं संपेपर्यंत. असा आवाज जन्मात ऐकला नव्हता.