राधेचं पक्कं काजळ

१२ जाने.
खेडला जाऊन डोळ्यांना पक्कं काजळ गोंदवून आलो. पार्लरात बाप्या एकटा मीच. बाई विचारते, "तुम्हालाच करायचंय?" म्हटलं, शिमग्याला नमनाच्या खेळात राधा नाचतो, घामाने दरवर्षी काजळ गालावर येतं. सुया टोचल्या तेव्हा ब्रह्मांड आठवलं. घरी बायको, सुजाता, म्हणाली, "आता माजी साडी पन न्या."

१५ जाने.
पापण्या बटाटवड्यासारख्या. पार्लरवाली फोनवर, "होतं असं, बर्फ लावा."

२ फेब्रु.
सूज गेली, पण शाई डोळ्याखाली पसरलीय. मार खाल्ल्यासारखा दिसतो. पापण्यांचे केस गळून उशीवर. दुकानात शिवायला बसलो तर सुईत दोरा ओवता येईना. सुजाता ओवून देते.

१४ फेब्रु.
रत्नागिरीला डोळ्यांचे डॉ. पापणीच्या कडेला तेलाच्या ग्रंथी असतात म्हणे. सुयांनी त्या मेल्या, परत येत नाहीत. डोळा कोरडा पडून बुबुळावर चरे. थेंब आता जन्मभर. शाई काढायची तर आणखी धोका. "धूळ, झगझगीत दिवे टाळा." म्हणजे शिमगाच टाळा की! एसटीत स्वतःचा असा राग आला…

२० फेब्रु.
तालीम. हॅलोजनसमोर डोळे उघडेनात, दोनदा मृदंगवाल्यावर आपटलो. बाबूदादा आमच्या खेळ्यांचे म्होरके. बाजूला घेऊन म्हणाले, "औंदा सुधीर राधा करील. तू संकासूर हो. तोंडावर कालं कापड, डोलं कोनाला दिसतंत?"
नाही म्हटलं. एवढी वर्षं राधा झालो, आता कापडाच्या भोकांतून दुसऱ्याची राधा बघू? फार वाईट वाटलं.

३ मार्च
आज आमच्या वाडीत नमन. दिवेलागणीला सुधीर आला, साडी नेसून. दोन पोरांचा बाप, पण लाजत होता. "भाऊ, काजल तुमच्याच हातचा व्हया."
डबी काढली. त्याच्या पापणीची कड दिसेना, नुसतं धुकं. अंदाजाने बोट ओढलं. विचारलं, "बरं झालं?"
"झ्याक." आरशात बघितलंन नाही.
सुजाता त्याला म्हणाली, "आत ये, निऱ्या नीट करून देते."
निऱ्या मी हाताने चाचपल्या होत्या, नीटच होत्या. आत जाताना तिने काजळाची डबी उचलून नेली.
मृदंग सुरू झालाय. जावं की दार लावून घ्यावं, कळत नाही.