शून्यापाशी उभी रेघ

३ जून, मंगळवार

सकाळी दुकान. दोन चष्मे दिले, एकाची दांडी बदलली. दुपारी बायकोच्या शाळेतून फोन आला म्हणून चारला तिकडे गेलो. ती गेल्यापासून पहिल्यांदाच.

मुख्याध्यापिकांनी चहा मागवला, मग विषय काढला. तिच्या माजी विद्यार्थ्यांनी तिच्या नावाने पैसे जमवलेत. माझ्या मेहुण्याने, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, त्यात मोठी भर घातली आहे. त्यातून अकरावीच्या वर्गासाठी आलेख काढणारे कॅल्क्युलेटर घ्यायचे आहेत. यंदापासून गणिताच्या परीक्षेत ते चालणार. ज्याच्याकडे असेल त्याचा आलेख बटणावर निघेल. नसेल तो पट्टी-पेन्सिल घेऊन बसेल. वेळ दोघांना सारखाच. आणि वर्गातल्या बहुतेकांच्या घरी ही वस्तू परवडणारी नाही.

"समितीत तुम्ही हवेतच. बाईंची आवड तुमच्याइतकी कुणाला ठाऊक?"

तिची आवड ठाऊक आहे मला. बिनसाखरेचा चहा, उघडी खिडकी, आणि बडबड्या माणसांपासून चार हात लांब. कॅल्क्युलेटरमधलं मला काय कळतं? मी चष्म्याच्या काचा घासणारा माणूस. हो म्हणालो. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

बाहेर पडताना तिचा वर्ग दिसला. टेबल खिडकीशी सरकवलेलं. तिच्या जागी बदली बाई आल्यात म्हणे. आल्या आल्या पहिलं काम काय, तर फर्निचर!

५ जून, गुरुवार

मेहुणा दुकानात आला. गुळगुळीत कागदाची माहितीपत्रकं काउंटरवर पसरली — माझ्या पुसलेल्या काचांवर.

"भाऊजी, घ्यायचं तर हे. रंगीत पडदा, चार्जिंगचं. ताईच्या नावाला शोभायला नको का?"

"किती येतील?"

"बारा. त्यांना काचेचं कपाट करून घेऊ. वर पितळी पाटी, तिचा फोटो. मी सुताराशी बोललोसुद्धा."

"वर्गात मुलं किती?"

"असतील साठेक. पाळीपाळीने वापरतील."

"आणि परीक्षेला?"

"ते शाळा बघेल हो. तुम्ही ना, आधीच खुसपट काढता."

असली गिऱ्हाइकं रोज येतात. फ्रेम झकास हवी, डोळ्यांवर महाग दिसली पाहिजे. आणि काचेचा विषय निघाला की म्हणतात, "कुठलीही चालेल." अरे, बघायचंय कशातून? फ्रेममधून?

हा तर चष्मा घेऊन तो कपाटातच ठेवणार आहे. नाकापेक्षा मोती जड ऐकलं होतं. इथे नाकच वगळलं.

८ जून, रविवार

दुकान बंद. घर झाडलं. शोकेसची काच पुसली. तिचा स्वतःचा कॅल्क्युलेटर तिथे मधल्या फळीवर आहे, ती गेली तेव्हापासून. काळा, कोपरे झिजलेले, झाकणावर शाईचा डाग. येता-जाता कोणीतरी हात लावायचं, म्हणून कुलूप घातलंय. किल्ली माझ्याकडे.

रविवारी इथेच मुलं यायची शिकायला. दर वर्षी नव्या मुलांना पहिला धडा तोच. मी स्वयंपाकघरात असायचो, मला तो पाठ झाला होता.

"एक भागिले क्ष. काढा यंत्रावर. काय दिसतं?"

"बाई, दोन वाकड्या रेघा. आणि मधे एक उभी."

"उभी रेघ खरी की भूत?"

मग गोंधळ. कोणी म्हणे खरी, कोणी म्हणे भूत. ती कोणालाच सांगायची नाही. आधी हाताने काढा म्हणायची. काढता काढता कुणाची तरी ट्यूब पेटायची — शून्यापाशी काही नाहीच. डावीकडची रेघ खाली पाताळात जाते, उजवीकडची वर आकाशातून येते, आणि मधे तुटलेलं असतं. यंत्राला तुटलेलं कळत नाही. त्याला फक्त ठिपक्याला ठिपका जोडता येतो. दिसली दोन टोकं की दे जोडून.

"यंत्रावर विश्वास ठेवा," ती म्हणायची, "पण शेजाऱ्यावर ठेवता तेवढाच."

१० जून, मंगळवार

समिती बसली. मुख्याध्यापिका, मेहुणा, बदली बाई, मी. आणि विक्रेता. केसांना तेल, त्याहून जास्त जिभेला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "सर". बायकांनाही.

त्याने दोन यंत्रं मांडली. एक मेहुण्याचं लाडकं, रंगीत. दुसरं साधं, करड्या पडद्याचं, रिमोटचे सेल लागणारं. रंगीत एकाच्या किमतीत साधी पाच येतात. हे त्याने इतक्या हळू सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं.

मग खेळ सुरू. रंगीत यंत्राने निळे, तांबडे, हिरवे आलेख काढले. मुख्याध्यापिका "अरे वा" म्हणाल्या. मेहुणा आपणच ते बनवल्यासारखा हसत होता.

"आता फरक बघा सर." विक्रेत्याने दोन्हींवर एक भागिले क्ष घातलं. रंगीतावर दोन स्वच्छ वक्र. साध्यावर दोन वक्र, आणि मधे उभी रेघ.

मी खुर्चीत सरळ झालो.

"चुकलं!" मेहुण्याने टाळी दिली, विक्रेत्याला. "बघा, भाऊजी. स्वस्तातलं म्हणजे हे असं. ताईच्या नावाने चुकीचं यंत्र वाटायचं?"

बदली बाई पहिल्यांदाच बोलल्या. "चूक दिसली तर मुलं विचारतील. न दिसली तर कशाला विचारतील?"

विक्रेता म्हणाला, "विचारायलाच नको असं यंत्र आहे हे, सर." सगळे हसले. विषय संपला. पुढच्या मंगळवारी शिक्कामोर्तब.

मला ठाऊक होतं ते काय आहे. चौघांत ते ठाऊक असलेला मी एकटा, असं वाटलं. उंटावरचे शहाणे सगळे. आणि मी उंटाखालचा मुका.

११ जून, बुधवार

बोललो नाही. चहाचे कप तेवढे गोळा करून ट्रेमध्ये ठेवले. मोठी कामगिरी.

१४ जून, शनिवार

विक्रेत्याकडून दोन्ही यंत्रं दोन दिवस मागून घेतली. "अवश्य सर." जणू दागिनाच देतोय.

माझी परीक्षा दुकानदाराची. दुकानाबाहेर उन्हात धरली. रंगीत पडदा काळाठिक्कर, माझंच तोंड दिसलं. करड्या पडद्यावर आकडे उन्हात जास्तच ठळक. जाड बोटांनी बटणं दाबली, डोळ्यांवरचा चष्मा काढून वाचलं. साधं यंत्र काउंटरवरून खाली टाकलं — सेलचं झाकण उडालं, परत बसवलं, चालू. रंगीत टाकायची हिंमत झाली नाही. म्हणजे मुलांचीही होणार नाही. म्हणजे शिक्षक ते मुलांना देणारच नाहीत. म्हणजे कपाट.

त्यातून रंगीताचं चार्जिंग संपलं. लावलं, तर आधी भाषा विचारली, मग तारीख, मग "नवी आवृत्ती उपलब्ध". मला एक भागिले क्ष हवं होतं, त्याला माझी हालहवाल हवी होती. परीक्षेला बसवायचं तर आधी संगणकाला जोडून कुलूपबंद करावं लागतं, असं पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात. भिंग लावून वाचलं. बारीक अक्षर वाचणं हा माझा धंदाच आहे.

साध्यात रिमोटचे सेल घातले. चालू. विषय संपला.

१७ जून, मंगळवार

समिती. मुख्याध्यापिकांनी कागद तयारच ठेवला होता. बारा नग, रंगीत. सही करायला पेनसुद्धा उघडून दिलं. बदली बाईंकडे कोणी बघत नव्हतं. त्याच म्हणाल्या:

"एक सांगू? मी काल शाळेच्या जुन्या यंत्रावर वर्गात तोच आलेख काढला. मागच्या बाकांवरून पोरं ओरडली, भूत, भूत. मला कळेना. मग म्हणाली, आमच्या दादा-ताईंना बाईंनी शिकवलंय, या रेघेला भूत म्हणतात."

मुख्याध्यापिकांना समजलं नाही, त्या नुसत्याच हसल्या. मी पेनचं टोपण लावलं.

"ते चुकीचं यंत्र नाही," मी म्हणालो. "तिला तेच लागायचं. त्या चुकीवरच ती शिकवायची. आणि बारा नकोत. सगळ्यांना एकेक, घरी न्यायला. तेवढ्याच पैशांत साठ येतात."

एवढं सलग मी त्या शाळेत कधी बोललो नव्हतो. मुख्याध्यापिका मेहुण्याकडे बघू लागल्या. पैशाचं तोंड जिकडे, त्यांचं तिकडे. मेहुणा लालबुंद.

"घरी? दोन महिन्यांत फुटतील. हरवतील. भावंडं खेळतील त्यांच्याशी."

"खेळू देत."

"भाऊजी, तुम्हाला काही वाटतं की नाही?"

बदली बाई म्हणाल्या, "मुलं बासष्ट आहेत. शाळेची जुनी दोन धरली तर बरोबर पुरतात." मुख्याध्यापिकांनी कागदावर खाडाखोड केली. मेहुण्याने सही केली, पण कागदाला भोक पडेल अशी.

बाहेर स्कूटरपाशी त्याने मला गाठलं.

"कपाटात ठेवली असती तर राहिली असती ती. सगळ्यांना दिसली असती. आता साठ दप्तरांत फिरेल आणि वर्षभरात कुणाला नावही आठवणार नाही."

"कपाटात ठेवायला ती काय ढाल आहे, पळण्याच्या शर्यतीतली?"

हेल्मेटचा बंद लावायला त्याला फार वेळ लागला. नाटकं. लहानपणापासून असाच, तीच सांगायची.

१८ जून, बुधवार

ती हेही सांगायची, की लहानपणी त्याला पाढे तिनेच शिकवले. चुकला की रडायचा, रडत रडत म्हणायचा.

२३ जून, सोमवार

यंत्रं आली. मेहुण्याचा धनादेश आधीच पोचला होता, कबूल केल्याइतकाच. माझ्याशी बोलत नाही. सुताराला मात्र कपाट रद्द म्हणून कळवलं.

मुख्याध्यापिकांना समारंभ हवा होता. मंच, भाषण, माझ्या हस्ते पहिलं यंत्र. मला दुकान आहे, म्हणून सांगितलं. बदली बाईंनी वर्गातच वाटून टाकली, पहिल्या तासाला. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि नंबर. पितळी पाटीपेक्षा बरं.

४ जुलै, शुक्रवार

बदली बाई दुकानात आल्या. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता म्हणे. स्क्रू ठीक होता.

"काका, एक मुलगी नव्याने आलीय वर्गात. एक यंत्र कमी पडतंय. सध्या शेजारणीच्या यंत्रावर भागवते, पण परीक्षेत दोघींत एक चालत नाही."

"मुख्याध्यापिकांना सांगा. आणखी एक घेतील."

"सांगितलं. म्हणाल्या, निधी संपला. पुढच्या वर्षी बघू."

मी स्क्रू घट्ट करत होतो, जो घट्टच होता.

"टेबल खिडकीशी का नेलंत?" मी विचारलं.

त्या जरा गोंधळल्या. "मुलं म्हणाली, बाईंचं तिथेच असायचं. मधल्या सुटीत कोणीतरी भिंतीशी ढकललं होतं. मी परत ठेवलं."

चष्मा पुसून दिला. पैसे घेतले नाहीत. यंत्राचं बघतो, म्हणालो. काय बघणार, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

६ जुलै, रविवार

सकाळी शोकेस उघडली. तिचा कॅल्क्युलेटर खाली घेतला. मागचं झाकण निघेना, नखाने काढलं. सेल फुटले होते. पांढरी भुकटी सगळीकडे, तारेपर्यंत पोचलेली. सहा महिने काच पुसत होतो बाहेरून.

लिंबाच्या रसात कापूस बुडवून खार काढला. दुकानातल्या बारीक ब्रशने टोकं घासली, वाळवली, नवे सेल घातले. चालू झालं. आत काही उरलेलं नव्हतं, पडदा कोरा. एक भागिले क्ष घातलं. दोन वक्र आले, आणि मधे उभी रेघ.

झाकण लावलं. चिकटपट्टीवर त्रेसष्ट लिहिलं, मागे चिकटवली. पिशवीत ठेवलं, उद्या शाळा उघडताना द्यायचं.

शोकेसचं दार उघडंच ठेवलंय. आतला वास जायला हवा.